बाकीचं पुस्तक कुठे आहे?

‘‘जरा आमचं कलकत्ता दाखव बघू,’’ मेशोमोशाय म्हणाले आणि त्यांनी माझ्या हातात भिंग दिलं.

समोर भिंतीवर जग होतं. सतराव्या शतकातलं, डच कारागिराने तांब्याच्या पत्र्यावर कोरलेलं. दोन मोठी वर्तुळं, त्यांच्या मधल्या जागेत ढगांवर बसलेले देव, कोपऱ्यांत फळाफुलांच्या परड्या. मी घाईघाईने भारत गाठला, अक्षरं लावली आणि विजयी मुद्रेने बोट ठेवलं. ते बोट कालिकतवर पडलं होतं. केरळातल्या!

मेशोमोशाय खूश होऊन हसले. त्यांच्याकडे आलेला प्रत्येक पाहुणा म्हणे तिथेच घसरतो. ‘‘अगं, हा नकाशा कोरला तेव्हा कलकत्ता होतंच कुठे? हुगळी होतं, सातगाव होतं. आमचं गाव म्हणजे नदीकाठची तीन खेडी. नकाशावर यायचीही त्यांची ऐपत नव्हती.’’

जॉब चार्नॉक १६९० साली सुतानुटीच्या घाटावर उतरला आणि सुतानुटी, कोलिकाता, गोविंदपूर ही तीन खेडी १६९८ साली कंपनीने इजाऱ्याने घेतली, हे आपण शाळेत शिकलेले असतो. (चार्नॉकला शहराचा संस्थापक म्हणू नये, असं कोलकाता उच्च न्यायालयाने २००३ मध्ये ठरवलं, हे मात्र बऱ्याच जणांना ठाऊक नसतं.) पण शिकणं वेगळं आणि जगाच्या नकाशावर आपलं बोट रिकाम्या जागी पडणं वेगळं.

माझी आत्या गेली चाळीस वर्षं भवानीपूरला राहते. हाजरा रोडवरचं महाराष्ट्र निवास तिच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, त्यामुळे गणपती आणि भेळ या दोन्ही बाबतींत तिचं काही अडत नाही. मेशोमोशाय तिचे शेजारी. मेशोमोशाय म्हणजे बंगालीत मावशीचे यजमान. सगळी गल्ली त्यांना याच नावाने हाक मारते, म्हणून मीही मारली. बँकेतून निवृत्त झालेला, धोतर नेसणारा साधा माणूस. घरात पंखे जुने, सोफ्याच्या कव्हरांना ठिगळं. आणि भिंतींवर, कपाटांत, पलंगाखालच्या सपाट पेट्यांत जगाचे नकाशे.

हा छंद त्यांना लागला तो रसेल स्ट्रीटवर. कोलकात्याचा हा रस्ता लिलावघरांसाठी प्रसिद्ध. तिथलं ‘द रसेल एक्स्चेंज’ १९४० सालचं. इंग्रज साहेब मायदेशी परत निघाला की त्याचं फर्निचर, झुंबरं, काचसामान आणि पुस्तकांची खोकी या लिलावांत यायची. १९११ पर्यंत हे शहर हिंदुस्थानची राजधानी होतं, त्यामुळे सामानाला तोटा नव्हता. मेशोमोशाय तरुणपणी रविवारी तिथे नुसते बघायला जात. एकदा कुणी बोलीच लावेना म्हणून त्यांनी फाटक्या पुस्तकांचं एक खोकं घेतलं. तळाशी चौघडी घातलेला एक जाड कागद होता. घरी उलगडला तर त्यावर कॅलिफोर्निया हे बेट होतं!

आता गंमत बघा. कॅलिफोर्निया अमेरिकेच्या जमिनीला चिकटलेला आहे, हे आपलं शेंबडं पोरही सांगेल. पण सतराव्या शतकाच्या सुरुवातीला कुणीतरी तो बेट म्हणून काढला आणि पुढची शंभरेक वर्षं युरोपातले नकाशेवाले एकमेकांचं बघून बेटच काढत राहिले. अखेर १७४७ साली स्पेनच्या राजाला कॅलिफोर्निया बेट नाही, असा हुकूमच काढावा लागला. आज हेच चुकीचे नकाशे संग्राहक हौसेने शोधतात. कुणी केवळ कॅलिफोर्निया-बेटाचेच नकाशे जमवतो. अचूक नकाशाला विचारतो कोण? तो तर शाळेच्या भिंतीवरही असतो.

सजावटीच्या जागतिक नकाशांचा खरा बहर सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झाला. अब्राहम ऑर्टेलियसने १५७० साली अँटवर्पला आपला नकाशासंग्रह छापला, ५३ पानांचा. एकाच आकाराचे, एकाच पद्धतीचे नकाशे पुस्तकात बांधून विकायची ती पहिली मोठी खटपट. पुढे ॲम्स्टरडॅमच्या ब्लाऊ घराण्याने कमाल केली. त्यांच्या जगाच्या नकाशाच्या वरच्या पट्टीत सूर्य-चंद्रासह ग्रह, एका बाजूला पृथ्वी-आप-तेज-वायू ही चार तत्त्वं, दुसऱ्या बाजूला चार ऋतू आणि खाली जगातली सात आश्चर्यं! हेन्रिकस होंडियसने १६३० च्या नकाशात चार कोपऱ्यांत चार चेहरे बसवले. ज्युलियस सीझर, टॉलेमी, मर्केटर आणि चौथा खुद्द त्याचे वडील. बापाला सीझरच्या पंगतीला बसवणारा हा मुलगा मला फार आवडला.

या सगळ्या नक्षीला व्यवहारही होता. नकाशा विकायचा तो जहाजाच्या कप्तानाला नव्हे, तर घर सजवणाऱ्या व्यापाऱ्याला. शिवाय ठाऊक नसलेली जागा मोकळी सोडायची लाज वाटते. मग समुद्रात देवमासे येतात, आफ्रिकेत हत्ती येतात आणि दक्षिण ध्रुवाभोवती कुणीही न पाहिलेला एक अवाढव्य खंड पसरतो. बंगालच्या उत्तरेला तर चियामाय नावाचं एक तळं कितीतरी नकाशांवर दिसतं, त्यातून चार-चार नद्या निघतात. असं तळं कधी नव्हतंच. मेशोमोशाय त्याला ‘आमचं मानससरोवर’ म्हणतात.

आपल्या मुलखाचं काय, असं तुम्ही विचाराल. आशियाचं पान हाती आलं की कोकणकिनारा बघा. चौल, दाभोळ, गोवा ही नावं ठसठशीत असतात आणि मुंबईचा पत्ता नसतो. बंदरांच्या नशिबाचे फेरे बघायला याहून सोपी जागा नाही.

आणि खुद्द कोलकात्याच्या नकाशात मराठी माणूस चक्क खणून ठेवलेला आहे. नागपूरकर भोसल्यांचे सरदार भास्करपंत कोल्हटकर १७४२ साली बंगालवर चालून गेले. त्या ‘बर्गीं’च्या धास्तीने कलकत्त्याच्या रहिवाशांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला. सात मैलांचा बेत होता, तीन मैल खणून झाला आणि मराठे काही कलकत्त्यात आलेच नाहीत! खंदक तसाच राहिला. आरन अपजॉनने १७९२-९३ मध्ये मोजणी करून १७९४ साली प्रसिद्ध केलेल्या शहराच्या नकाशात तो नावानिशी आहे. पुढे १७९९ मध्ये त्याचा मोठा भाग बुजवून सर्क्युलर रोड काढला. आज बागबाजारात ‘मराठा डिच लेन’ नावाची गल्ली तेवढी उरली आहे. मी मुद्दाम जाऊन पाहिली. एक पानवाला, दोन मांजरं आणि वाळत घातलेले कपडे. बंगालात अजूनही पोरांना निजवायच्या गाण्यात बर्गी येतात, असं आत्या म्हणाली, तेव्हा मला उगीचच ओशाळल्यासारखं झालं.

त्याच १७४२ साली इंग्लंडात जेम्स रेनेल जन्माला आला. चोविसाव्या वर्षी, १७६७ मध्ये, तो बंगालचा सर्व्हेयर जनरल झाला. आदल्याच वर्षी भूतानच्या सीमेजवळ संन्याशांशी झालेल्या चकमकीत तो तलवारीच्या वारांनी जबर जखमी झाला होता. त्याने मोजून काढलेला बंगालचा ॲटलस आणि १७८२ चा ‘हिंदुस्थानचा नकाशा’ हे कोणाही भारतीय संग्राहकाचं स्वप्न. त्यात मराठ्यांच्या राज्यांना स्वतंत्र रंग आहे. आणि कोपऱ्यातली शीर्षकाभोवतीची सजावट, जाणकार तिला कार्टूश म्हणतात, ती पाहण्यासारखी आहे. ब्रिटानिया ऐटीत उभी आहे आणि ब्राह्मण आपली शास्त्रं अदबीने तिच्या स्वाधीन करताहेत. मेशोमोशाय म्हणाले, ‘‘डोंगर-नद्या मोजून काढल्या, त्या खऱ्या. खोटं असतं ते कोपऱ्यात. कोपरा आधी वाचायचा.’’

हे ऐकल्यावर माझ्यासारखीला मोह न झाला तरच नवल. दुसऱ्याच दिवशी मी जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून हिंडायला निघाले.

खरं सांगते, मी या बाबतीत एकदा चांगली फसलेली आहे. काही वर्षांपूर्वी, दुसऱ्याच एका शहरात, फुटपाथवरून मी ‘तीनशे वर्षांपूर्वीचा’ नकाशा घासाघीस करून घेतला होता. पिवळट, कडा जळक्या, एकदम ऐतिहासिक. तो मेशोमोशायना दाखवण्यासाठी मी बरोबरच आणला होता. त्यांनी भिंग लावलं आणि मलाही बघायला सांगितलं. वर्तमानपत्रातल्या फोटोत असतात तसे रंगांचे बारीक ठिपके! ऑफसेटची छपाई आणि चहाच्या पाण्याची आंघोळ. तेव्हापासून खरा नकाशा कसा ओळखायचा, याची त्यांनी माझी शिकवणीच घेतली.

तांब्याच्या पत्र्यावरून छापलेल्या नकाशात रेघ सलग असते, बोट फिरवलं तर किंचित उंचवटा लागतो. पत्रा कागदावर दाबला गेल्याने नकाशाच्या बाहेर चौफेर एक खोलगट चौकट उमटते. कागद उजेडासमोर धरला की समांतर रेघा दिसतात, कधी एखादं जलचिन्ह दिसतं. चिंध्यांच्या लगद्यापासून जाळीवर हाताने कागद काढायचे, त्या जाळीच्या या खुणा. पाठीमागे मजकूर छापलेला असेल, मधोमध घडी असेल, तर ते पान ॲटलसमधलं. हिरवा रंग तांब्यापासून केलेला असे आणि तो हळूहळू कागद खातो. पाठीमागून हिरव्याच्या जागी तपकिरी डाग दिसला तर रंग जुना समजायचा. काळ ओळखायचा तर ऑस्ट्रेलियाकडे बघावं. पूर्वेचा किनाराच नसेल तर नकाशा १७७० मधल्या कॅप्टन कुकच्या सफरीआधीच्या माहितीवरचा. टास्मानिया जमिनीला जोडलेला असेल तर १७९८-९९ च्या आधीचा, कारण तेव्हा बास आणि फ्लिंडर्स त्याला वळसा घालून आले. मात्र जुनेच पत्रे वापरून पुढे पन्नास-पन्नास वर्षं छापणारे महाभागही होते, त्यामुळे एकाच खुणेवर विसंबू नये.

एवढी विद्या घेऊन मी दुकानात शिरले. नाव सांगत नाही. मालकाने आतून एक कागद आणला. दोन गोलांचं जग, इंग्रजी, अठराव्या शतकातलं. ऑस्ट्रेलियाची पूर्व बाजू कोरी. मी भिंग लावलं, रेघ सलग. उजेडात धरलं, जाळी दिसली. पत्र्याची चौकट, मधली घडी, सगळं जिथल्या तिथे. किंमत माझ्या महिन्याच्या पगारातून मुंबईच्या घराचा हप्ता वजा जाता उरते तेवढी. मी थोडे पैसे विसार म्हणून दिले आणि संध्याकाळी मेशोमोशायना घेऊन आले.

त्यांनी भिंग काढलंच नाही. कागद उलटा केला, मधल्या घडीच्या मागे चिकटवलेली कागदाची अरुंद पट्टी बघितली आणि तिच्या कडेवरून अंगठा फिरवला. अशाच पट्टीने पान पुस्तकात शिवलेलं असतं. बाकीच्या तिन्ही बाजू मळलेल्या, पिवळ्या, मऊ. ही कड पांढरी होती आणि सरळ. पातं ओढल्यासारखी.

‘‘बाकीचं पुस्तक कुठे आहे?’’ त्यांनी विचारलं.

मालकाने खांदे उडवले. पान असंच आलं, म्हणाला.

परतताना ट्राममध्ये मेशोमोशाय बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकून माझा विसार गेल्याचं दुःख पार विसरलं. त्यांच्या ऐन उमेदीच्या काळात एका विक्रेत्याने त्यांना एक नकाशा दिला. महिन्याभराने दुसरा, मग तिसरा. दोन वर्षांत अकरा. सगळे एकाच ॲटलसमधले, सगळ्यांवर वाळवीने पाडलेलं भोक एकाच जागी. त्यांना वाटायचं, मी विखुरलेलं पुस्तक पुन्हा जमवतोय. बाराव्या वेळी विक्रेत्याने सहज विचारलं, ‘‘आता कुठला देश देऊ?’’

‘‘तेव्हा लक्षात आलं,’’ मेशोमोशाय म्हणाले. ‘‘पुस्तक त्याच्या घरी अख्खं होतं. मी एकेक पान विकत घेत होतो आणि म्हणून तो एकेक पान कापत होता.’’

ती अकरा पानं त्यांनी कधी फ्रेम केली नाहीत. एका पेटीत एकत्र ठेवली आहेत, पुस्तकातल्या क्रमाने, मधल्या गायब पानांच्या जागी कोरे कागद घालून.

हा प्रकार जगभर चालतो. अख्ख्या ॲटलसला मिळते त्याहून जास्त किंमत सुट्या पानांची मिळून येते, हे साधं गणित त्यामागे आहे. पुस्तक स्वतःच्या मालकीचं असेल तर कापणारा निदान चोर तरी ठरत नाही. ग्रंथालयातलं असेल तर? गिल्बर्ट ब्लँड हा इसम १९९५ साली अमेरिकेत बाल्टिमोरच्या पीबॉडी ग्रंथालयात पानं कापताना पकडला गेला आणि त्याने देशभरची ग्रंथालयं पोखरल्याचं उघड झालं. पुढे २००५ मध्ये फोर्ब्स स्मायली नावाचा प्रतिष्ठित नकाशाविक्रेता येल विद्यापीठाच्या ग्रंथालयात सापडला. त्याच्या हातून पातं जमिनीवर पडलं, ते तिथल्या कर्मचारी बाईंनी पाहिलं. त्याने ९७ नकाशे चोरल्याची कबुली दिली आणि त्याला साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. त्याच्याकडून नकाशे घेणारी माणसं सभ्य, श्रीमंत आणि अभ्यासू होती. पानाची कड कोणी बघितली नव्हती, एवढंच.

आपल्याकडे कायदा आहे तो १९७२ चा पुरावस्तू कायदा. शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू आणि ७५ वर्षांहून जुने ऐतिहासिक किंवा शास्त्रीय मोलाचे दस्तऐवज खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाहीत. मेशोमोशायची मुलगी टोरांटोला असते. बाबांच्या मागे हे नकाशे तिला हवे आहेत आणि तिला ते नेता यायचे नाहीत. मुलगी इथे परत येणार नाही आणि नकाशे तिथे जाणार नाहीत. मग ते लिलावात जातील, रसेल स्ट्रीटवर, जिथून आले तिथे. हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं की मलाच पुढे काही विचारवेना.

या छंदात पडायचंच असेल तर माझं मत सांगते. हजार-दोन हजारांत ‘अस्सल’ म्हणून कुणी ब्लाऊचं जग देत असेल तर ते घेऊ नका. त्याचे खरे भाव लाखांत असतात. नुसती भिंत सजवायची असेल तर चांगली प्रतिकृती, प्रतिकृती म्हणूनच घ्यावी. त्यात काही कमीपणा नाही. कोलकात्यातच १९५६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय नकाशासंस्था, नॅटमो, आहे. तिचे नकाशे माफक दरात मिळतात आणि मुलांच्या अभ्यासाच्या खोलीला ते कधीही चांगले. अस्सल पान घेतलंच तर पावती घ्या, ते आधी कोणाकडे होतं ते लिहून घ्या आणि कडेवरून अंगठा फिरवा.

आणि घेतलेलं सांभाळा. दमट हवा आणि कसर हे कागदाचे वैरी कोलकात्यात आहेत तसेच मुंबई-रत्नागिरीतही आहेत. नकाशा बाहेरच्या भिंतीवर किंवा उन्हाच्या तोंडाशी टांगू नये. काच कागदाला चिकटू नये म्हणून मध्ये आम्लरहित पुठ्ठ्याचा माउंट हवा. लॅमिनेशन करू नये, फाटल्या जागी सेलोटेप लावू नये, फेव्हिकॉल तर मुळीच नको. मेशोमोशाय वर्षातून एकदा, दुर्गापूजा आटोपून हवा कोरडी झाली की, सगळ्या पेट्या उघडतात. आत्या म्हणते, आमच्या गल्लीत दिवाळीआधी जगाला वारा देतात.

निघायच्या दिवशी विमानाला अवकाश होता म्हणून त्या दुकानावरून गेले. विसार परत मागायचा धीर नव्हता, नुसतं डोकावले. जगाचा नकाशा विकला गेला होता. काउंटरवरच्या प्लास्टिकच्या आवरणात तशाच कागदाचं, त्याच उंचीचं, आफ्रिकेचं पान होतं. मालकाने मला ओळखलं.

‘‘हे कालच आलंय,’’ तो म्हणाला.